ईशा चप्पल का वाजवते?

मी एक जुनी कादंबरी आहे, आणि माझं रहस्य माझ्या तिसऱ्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं फोडून ठेवलं आहे. 'ताई जिवंत आहे, उगाच डोकं चालवू नका,' असं तिथे लिहिलंय आणि खाली दोन रेघाही मारल्यात. सुनंदाबाईंनी खोडरबरानं खूप घासलं, पण लिहिणाऱ्यानं पेन्सिल चांगली दाबून फिरवली होती. पान उजेडात धरलं की अक्षरं अजून दिसतात. रहस्यकथेची याहून मोठी नाचक्की कोणती? तरीही, मित्रांनो, मुलं मला घरी नेत राहिली. रहस्य फुटलेलं असताना ती माझ्यात काय शोधत होती, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. ज्या दिवशी कळलं, त्या दिवसाचं नवल माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. मोठमोठे कागद यंत्रातून सरसर बाहेर पडले, त्यांच्या घड्या झाल्या, कडा कापल्या गेल्या, पाठीला गरम डिंक लागला आणि मी एक पुस्तक झाले. माझ्या मुखपृष्ठावर अर्धवट उघडं निळं दार आहे. वर नाव आहे, 'घरात एक जण कमी'. इतर पुस्तकांबरोबर खोक्यात बसून मी जळगावला आले आणि मेहरूण तलावाजवळच्या एका लहानशा वाचनालयात माझी सोय लागली. हिवाळ्यात तिथली मुलं खिशात बोरं घेऊन वाचायला येत. माझ्या पानांत बोराच्या बिया सापडल्या नाहीत असा एकही हिवाळा गेला नाही.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. ईशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी आहे. तिची मोठी बहीण पुरात वाहून गेली, असं घरातल्या सगळ्यांनी तिला सांगितलेलं असतं. पण घरात चमत्कारिक गोष्टी घडत असतात. फोन वाजतो आणि पलीकडून कुणी बोलत नाही. आई एका बंद खोलीत जाऊन बसते. ईशा शोध घेऊ लागते, आणि शेवटी उघड होतं की ताई जिवंत आहे. ती आपल्या मनानं घर सोडून गेलेली असते. लोकांना काय सांगायचं, म्हणून घरच्यांनी तिला पुरात बुडवलेलं असतं. शेवटच्या पानावर आई स्वतःच्या तोंडानं सगळं सांगते आणि ईशा तिला मिठी मारते.

माझ्या शेवटी काही कोरी पानं आहेत. वाचनालयाचा नियम मोडून मुलं त्यांवर आपली मतं लिहून ठेवत. सुनंदाबाई आमच्या ग्रंथपाल. त्या आधी रागावल्या, मग स्वतःच ती मतं वाचून हसू लागल्या आणि नंतर त्यांनी त्याकडे कानाडोळा केला. 'एका बैठकीत वाचली.' 'शेवट आवडला नाही, आईला शिक्षा व्हायला हवी होती.' 'आई बिचारी आहे.' 'बंद खोलीच्या वेळी मी घाबरलो, पण कुणाला सांगू नका.' एक मत दुसऱ्यावर तुटून पडे, तिसरं मध्ये पडून समजूत घाली. मी थक्क होऊन जाई. माझी अक्षरं छापखान्यातून निघाली तशीच होती, एक कानाही इकडचा तिकडे झाला नव्हता. तरी एका घरात ज्या पानावर हसू फुटे, त्याच पानावर दुसऱ्या घरात टपकन पाणी पडे. मी एकच होते की जितके वाचक तितक्या?

त्यांत एक मत भूषणचं होतं. भूषण तेव्हा अकरावीत होता आणि रहस्यकथांचा मोठा जाणकार समजला जाई. त्यानं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'ईशा शोध घ्यायला निघते, पण प्रत्येक वेळी घरात शिरताना पायरीवर चप्पल वाजवते. इतकी वाजवते की आईला आधीच कळतं. असा कुठे शोध असतो? लेखिकेची चूक.' त्याखाली पुष्कळ मुलांनी 'बरोबर' असं लिहिलं होतं. खरं सांगते, मित्रांनो, मलाही ते पटलं. ईशा माझ्या पानापानांत चप्पल वाजवत होती आणि ती का वाजवते, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. माझ्यात एक दोष राहून गेलाय, असं धरून मी चालले.

मग साथीचे दिवस आले. वाचनालयाला कुलूप लागलं. धूळ बसली, माझ्या पाठीत कसर शिरली आणि बाहेर रस्त्यावरचे आवाजही थांबले. कुलूप निघालं तेव्हा मुलांच्या हातात मोबाइल होते. आम्ही कपाटात एकमेकांना टेकून उभे असू, आणि दिवसचे दिवस काचेचं दार सरकत नसे.

अशा वेळी रूपा आली. नववीतली मुलगी, खो-खो खेळणारी, काटक, मोजकं बोलणारी. तिला तिची मैत्रीण यास्मिन घेऊन आली होती. "ही वाच," यास्मिननं मला तिच्या हातात कोंबलं. "त्या आईचा मला इतका राग आला ना, मी दोन दिवस माझ्या अम्मीशीसुद्धा धड बोलले नाही. काही कारण नसताना!"

रूपानं मला घरी नेलं. वाचून परत केलं, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा नेलं. मग पुन्हा. सुनंदाबाई म्हणाल्या, "अगं, पाठ झाली असेल तुला." रूपा नुसती हसली.

तिचं घर दोन खोल्यांचं होतं. घरात ती आणि तिची आई, कोकिळाताई. कोकिळाताई केळीचे वेफर्स तळण्याच्या कामाला जात. मूळच्या त्या शिरपूरकडच्या. रूपा अगदी लहान असताना तिला घेऊन त्या जळगावात आल्या होत्या. भिंतीवर रूपाच्या वडिलांचा, मगन यांचा फोटो होता, त्याला हार घातलेला. केळीचा ट्रक घेऊन ते उत्तरेकडे गेले आणि वाटेत अपघातात वारले, असं रूपाला कळू लागल्यापासून सांगितलेलं होतं. कोकिळाताई दर सोमवारी हार बदलत. त्या वेळी त्यांची पाठ रूपाकडे असे.

मी दप्तरात असे, नाहीतर उशाशी. एवढं सगळं मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि उमगणं वेगळं.

वाचनालय पुन्हा गजबजावं म्हणून सुनंदाबाईंनी एका रविवारी दुपारी वाचकांची बैठक ठेवली. एकच पुस्तक घ्यायचं, सगळ्यांनी त्याच्याविषयी आपलं मत मांडायचं, आणि मुलांनी घरातलं एक मोठं माणूस सोबत आणायचं. पुस्तक म्हणून त्यांनी मला निवडलं. ज्या कादंबरीवर पोरांनी सगळ्यात जास्त भांडणं लिहून ठेवलीत तीच घेऊ, असं त्या म्हणाल्या. त्यांनी मला मधल्या टेबलावर ठेवलं. सतरंजीवर मुलं बसली, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. रोज पेपर वाचायला येणारे छगननाना पहिल्या खुर्चीत बसले. भिंग लावून त्यांनी मला पूर्ण वाचलं होतं. कोकिळाताई कामावरून थेट आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसल्या. मला त्यांनी वाचलेलं नव्हतं.

यास्मिन सगळ्यात आधी उठली. "मला ती आई अजिबात आवडली नाही," ती म्हणाली. "जिवंत बहिणीला मेलेली म्हणायचं? ईशा तिच्यासाठी रडली, त्या रडण्याचं काय? कुणी माझ्याशी असं वागलं असतं ना, तर मी पुन्हा कधी त्या माणसावर विश्वास ठेवला नसता."

टाळ्या पडल्या. दाराजवळच्या खुर्चीत कोकिळाताईंनी पदर सारखा केला.

"बेटा," छगननाना म्हणाले, "लेकरू लहान असलं की मोठ्या माणसाला कधीकधी खोटं बोलावं लागतं. त्याला पेलणार नाही असं ओझं कसं द्यायचं त्याच्या डोक्यावर?"

"पण नाना, मूल मोठं होतं ना? मग तरी सांगायचं!"

"तेच तर अवघड आहे," नाना म्हणाले. "एकदा बोललेलं खोटं मुलाबरोबर मोठं होत जातं. मग ते घराबाहेर कसं काढायचं, हे माणसाला समजत नाही."

मग भूषण उठला. तो आता पदवीच्या वर्गात होता. त्यानं मला उचललं आणि खुणा केलेली पानं फटाफट उघडली. "आईचं राहू द्या. मला या कादंबरीतली चूक दाखवायचीय. इथे बघा, ईशा चप्पल वाजवते. इथे परत. इथे तर आई बंद खोलीत आहे, दार लोटलेलं आहे, आत गेली तर सगळं कळणार, आणि ही बाई पायरीवर चप्पल आपटत बसते! आईला डोळे पुसून बाहेर यायला वेळ मिळतो. ईशाला जर खरंच शोधायचं होतं, तर ती पाय न वाजवता आत गेली असती की नाही?"

सगळे हसले. मला लाज वाटली. आता माझ्या दोषावर सगळ्यांदेखत शिक्का बसणार होता.

"मला बोलायचंय," रूपा म्हणाली.

ती उठली. तिनं भूषणच्या हातातून मला घेतलं. तिचे तळहात ओले झाले होते, मला ते जाणवलं. पण आवाज स्थिर होता.

"भूषण म्हणतोय ते बरोबर आहे. ईशाला शोधायचंच नव्हतं. तिला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" भूषणनं विचारलं.

"ताई जिवंत आहे, हे. पहिल्यापासून." रूपा माझ्याकडे बघत होती, पण वाचत नव्हती. "ती चप्पल वाजवते, कारण आईला रडताना पकडायचं नसतं तिला. आईला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून ती पायरीवर थांबते. सगळं पुस्तकभर ती शोधत नाहीये. आई स्वतःहून कधी सांगेल, याची ती वाट बघतेय."

 

मित्रांनो, त्या क्षणी मला काय झालं ते कसं सांगू? माझ्याच पानांत इतकी वर्षं वाजणारी ती चप्पल मी पहिल्यांदा ऐकली. फोन आल्यावर ईशा गच्चीवर का जाते, आईला प्रश्न विचारता विचारता मध्येच भाजीचं का बोलते, सगळं मला एकदम दिसलं. माझं एक अक्षरही बदललं नव्हतं, आणि मी पूर्ण बदलून गेले होते. ज्याला मी दोष समजत आले, तोच माझा जीव होता. आणि तो मला नववीतल्या एका मुलीनं दाखवला होता!

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि माझी पानं थरारली. रूपाच्या दप्तरात बसून मी तिच्या घरी कितीदा गेले होते. प्रत्येक वेळी दाराशी आल्यावर ती पायरीवर थांबे. आणि दोन्ही चपला फाडफाड वाजवी.

"पण मग," यास्मिननं हळूच विचारलं, "ईशा चिडली नाही? आईनं इतकं खोटं सांगितलं तरी?"

"चिडली असेल सुरुवातीला." रूपा थांबली. "नंतर तिनं बघितलं असेल की, आई ते खोटं एकटीच सांभाळतेय. रोज. मला... म्हणजे ईशाला तिच्यावर रागावता आलं नसेल."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोकिळाताई उठून बाहेर गेल्या होत्या.

पुढे कोण काय बोललं, मला नीट आठवत नाही. भूषणनं मला मागून घेतलं. मग त्यानं खिशातून पेन काढलं, माझ्या मागच्या पानावरचं स्वतःचं मत खोडलं आणि मला पुन्हा रूपाच्या हातात दिलं. "परत वाचायला हवी मला," एवढंच तो म्हणाला.

मला हातात घेऊनच रूपा बाहेर पडली. तलावाच्या काठी, बसायला बांधलेल्या कट्ट्यावर कोकिळाताई बसल्या होत्या. ऊन उतरत होतं. रूपा त्यांच्या शेजारी बसली आणि मला दोघींच्या मध्ये ठेवलं.

कोकिळाताई इतर वेळी जळगावची शहरी मराठी बोलत. आता त्यांच्या तोंडून शिरपूरकडची बोली आली. "तुले बठ्ठं माहीत शे?"

"हो, आई. सगळं."

"कवयपासून?"

"सातवीपासून. आम्ही खो-खोच्या स्पर्धेला सावद्याला गेलो होतो ना, तेव्हा. बाबा रसवंतीवर उभे होते. खांद्यावर एक छोटी मुलगी होती, आणि एक बाई बरोबर. भुवईवर फोटोतल्यासारखाच व्रण. कुणीतरी मगनभाऊ म्हणून हाक मारली आणि त्यांनी वळून बघितलं."

"बोललीस त्यांच्याशी?"

"नाही. त्यांनी मला ओळखलंही नाही. आमच्या बाईंनी बसमध्ये चढा म्हणून हाक मारली, मी चढले."

कोकिळाताईंनी डोळे मिटले. सातवीतली पोर एकटी बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि घरी येऊन जेवली. ते सगळं त्या मनातल्या मनात बघत असाव्यात.

"मला तेव्हाच का नाही विचारलंस?"

"विचारणार होते. घरी आले तर तू फोटोचा हार बदलत होतीस. माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, तुला सांगायचं असेल तेव्हा तू वळशील." रूपानं नखानं माझ्या मुखपृष्ठाचा उचकटलेला कोपरा दाबला. "आणि आई, मला आधीही थोडं वाटलं होतं. आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, सगळ्यांच्या घरी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. आपण कधीच भरली नाही."

"जिता मानूसनी घागर कशी भरू मी?" कोकिळाताई एकदम म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला.

डोळे पुसून त्या बोलू लागल्या. "ते सोडून गेले, असं तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, का गेले. माझ्यामुळे गेले का, असं तुझ्या मनात आलं असतं. माणूस मेला म्हटलं की 'का' असं कुणी विचारत नाही. म्हणून शिरपूरकडचं सगळं सोडून इथे आले. कपाळ पुसलं आणि कामाला लागले. एवढ्यानं भागेल, असं मला वाटलं होतं."

"माझ्यामुळे गेले का?"

"नाही गं!" कोकिळाताईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तू झालीस तेव्हा पूर्ण गल्लीत पेढे वाटले होते त्यांनी. ते गेले ते त्यांच्या मनामुळे. त्यात तुझा केसाइतका वाटा नाही."

या एका प्रश्नासाठीच रूपा मला पुन्हा पुन्हा घरी नेत होती, हे मला तेव्हा कळलं. तिला माझं रहस्य नको होतं, ते तिसऱ्या पानावरच फुटलेलं होतं. तिला फक्त शेवटचं पान हवं होतं. आई बोलते, ते पान.

"त्यांना भेटायचंय तुला?" कोकिळाताईंनी विचारलं.

रूपानं विचार केला. "आत्ता नाही. वाटलं तर तुला सांगून जाईन."

त्या सोमवारी फोटोवरचा हार उतरला. फोटो फेकला नाही, कपड्यांच्या पेटीत तळाशी गेला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला. त्यावर रूपानं खो-खोच्या संघाचा फोटो लावला. शेजारपाजारी कोकिळाताईंनी काही सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या बाई बोलवायला आल्या तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं नाही. शेजारणीबरोबर त्या गेल्या.

आणि मित्रांनो, त्यांनी मला वाचायला घेतलं. आयुष्यातली त्यांची पहिली कादंबरी मी. ओळीखाली बोट धरून, पुटपुटत, कामावरून आल्यावर थोडं थोडं. त्यांच्या बोटांचे तेलाचे ठसे माझ्या पानांवर उमटले. तिथे कागद पारदर्शक झाला आहे, आणि एका पानावरून दुसऱ्या पानाची अक्षरं दिसतात. बंद खोलीच्या प्रसंगाशी त्या कितीतरी दिवस अडून राहिल्या. एकदा मला मिटून त्यांनी छातीशी धरलं, तेव्हा त्यांच्या काळजाचे ठोके माझ्या पाठीला लागत होते. जगातल्या मोठमोठ्या ग्रंथांचा मला तेव्हा हेवा वाटला नाही.

मला परत करायला त्या स्वतः आल्या. सुनंदाबाईंनी विचारलं, "कशी वाटली, कोकिळाताई?"

त्या लाजल्या. मग म्हणाल्या, "चांगली आहे. पण आई सांगते आणि लगेच पुस्तक संपतं. खरी गोष्ट त्याच्यानंतर सुरू होते, बाई. लिहिणारीनं अजून दोन पानं लिहायला हवी होती."

 सुनंदाबाईंनी चष्मा काढून पुसला.

आता माझी पाठ चिकटपट्टीनं बांधलेली आहे. कसरीनं एक कोपरा खाल्ला आहे. माझी नवी, गुळगुळीत प्रत वाचनालयात आली आहे आणि लहान मुलं तीच उचलतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. थुंकी लावून पानं उलटू नका, कोपरे दुमडू नका आणि पुस्तकाला वर्षानुवर्षं कपाटात कोंडून ठेवू नका. वाचून झालं की त्याच्याविषयी बोला, भांडा, चुका काढा. आम्हांला आमच्या पोटातलं सगळं माहीत नसतं, ते तुम्हीच आम्हांला सांगता. आणि समोरचं कुणी एखाद्या गोष्टीविषयी मत सांगताना थांबलं, अडखळलं, त्याचे तळहात ओले झाले, तर हसून त्याचं बोलणं तोडू नका. काही माणसांना स्वतःचं सांगायला दुसऱ्याच्या गोष्टीचा आडोसा लागतो. माझी पानं जपा, मित्रांनो, आणि माझ्या आडोशाला उभं राहून बोलणाऱ्या माणसाला त्याहून जास्त जपा.